ग्रॅमी आणि स्वतंत्र कलावंत
अमेरिकेतील रेकॉर्डिंग अकॅडमीच्या ग्रॅमी पारितोषिकासाठी नामांकन मिळवावयाचे तर पाठीशी एखादी मातब्बर कंपनी असलीच पाहिजे, हा जो समज सर्वत्र रूढ आहे, तो संस्थेचे नियम पाहता निराधार ठरतो. ध्वनिमुद्रण विहित मुदतीत अमेरिकेत सर्वसाधारण वितरणासाठी प्रसिद्ध झालेले असावे आणि त्याची नोंद सभासदाने अथवा संस्थेच्या दप्तरी नोंदलेल्या कंपनीने करावी, या मुख्य अटी. आणि व्यवसायबंधूंच्या शिफारशी जोडून सभासदत्वाचा अर्ज स्वतंत्र कलावंतालाही करता येतो. छाननीनंतर मतदान करतात ते गायक, वादक, रचनाकार, ध्वनिमुद्रक असे प्रत्यक्ष निर्माते. अंतिम नामांकने ठरविणाऱ्या गुप्त समित्या २०२१ मध्ये बहुतेक विभागांतून बरखास्त झाल्या, ही मला अत्यंत न्याय्य सुधारणा वाटते. त्याआधी २०१६ मध्ये केवळ स्ट्रीमिंगद्वारे प्रसिद्ध झालेल्या कृतींना प्रवेश मिळाला आणि २०१७ च्या समारंभात, कोणत्याही ध्वनिमुद्रण कंपनीशी करारबद्ध नसलेल्या चान्स द रॅपर याच्या ‘कलरिंग बुक’ला सर्वोत्कृष्ट रॅप अल्बमचा मान लाभला. खरी अडचण निराळीच आहे: हजारो नोंदींच्या गर्दीत आपली कृती मतदाराच्या कानी पडावी कशी? त्यासाठी विभागाची विचारपूर्वक निवड, श्रेयनामावलीची बिनचूक नोंद आणि सहकलावंतांशी वर्षानुवर्षे जोपासलेला परिचय, हेच काय ते भांडवल.