सूर चुकतो तो गळ्यामुळे की कानामुळे?

आपल्या गोंदिया जिल्ह्यात राइस मिलमध्ये उमेद घालवलेली कितीतरी माणसं भीमगीतांच्या गायन पार्टीत बसतात. त्यातल्या एखाद्याचा ठेका पक्का असतो, पण सूर पेटीला सोडून जातो. मंडळी हसतात. हळूहळू तो माणूस यायचाच बंद होतो. त्याला हसण्याआधी त्याचा कान तपासून घ्यावा, असं आम्हाला वाटतं.

कानाच्या आत शंखासारखा एक भाग असतो. त्यातल्या केसांसारख्या बारीक पेशी उंच आणि खालचे स्वर वेगवेगळे ओळखतात. मशिनींचा गोंगाट, डीजे आणि वाढतं वय यांमुळे त्या मरतात. पुन्हा उगवत नाहीत. आधी 'स', 'श', 'फ' ही अक्षरं पुसट होतात. पुढे जवळजवळचे सूर एकच वाटू लागतात. ताल मात्र ठोक्यांमधल्या वेळेवर चालतो, म्हणून तो बहुधा शाबूत राहतो.

घरच्या घरी असं पाहा :

सूर : पेटीकडे पाठ करून बसा. घरच्या कोणीतरी दोन स्वर एकामागून एक, सारख्याच जोराने वाजवावेत. दुसरा स्वर वर गेला की खाली आला, ते तुम्ही सांगा. आधी सा आणि प, मग सा आणि ग, मग सा आणि शुद्ध रे, शेवटी सा आणि कोमल रे. प्रत्येक जोडी 10 वेळा, क्रम बदलून. नुसत्या अंदाजानेही 5 बरोबर येतात. 9 किंवा 10 आले तरच ओळखलं म्हणा. हेच घरातल्या चांगलं ऐकू येणाऱ्या माणसाकडूनही करून घ्या आणि फरक पाहा.

दोन कान : एकच स्वर एकेका कानाने ऐका. दोन्हीकडे वेगळा वाटला तर डॉक्टरांना सांगा.

ताल : केरव्याच्या 8 मात्रा दोनदा वाजवायला सांगा. दुसऱ्या वेळी कधी एक ठोका गाळावा, कधी गाळू नये. फरक ओळखा.

कानाला यंत्र असेल तर ते लावून आणि काढून, दोन्ही वेळा करा. यंत्र बोलण्यासाठी जुळवलेलं असतं. पेटीचा लांब स्वर त्याला शिट्टी वाटून ते तो दाबू शकतं. जुळवणाऱ्याकडे गाण्यासाठी वेगळी सेटिंग मागा.

यावरून कान किती गेला ते कळत नाही. त्यासाठी ऑडिओमेट्री लागते. गोंदियाच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात कान-नाक-घसा विभागात दाखवा. एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं तर त्याच दिवशी जा; उशीर झाला तर उपचाराचा उपयोग कमी होतो. कानात तेल ओतू नका.

आणि गायन पार्टीला एक विनंती : अशा साथीदाराला पेटीच्या अगदी जवळ बसवा, सुरुवातीचा सा जरा लांब धरा. सूर डळमळला तर ढोलकी त्याच्या हाती द्या. ताल त्याच्याकडे अजून आहे.