शेळीला चारा, की चाऱ्याला शेळी?

आमच्या गटाच्या सचिवताईंनी पापडाच्या पैशांसाठी एका शहरातल्या गिऱ्हाइकाला इंग्रजीत मेसेज धाडला, 'प्लीज सेंड द मनी द ग्रुप.' तिकडून नुसतं हसरं चित्र आलं. तेव्हापासून पैशांचे मेसेजसुद्धा ताई पुतण्याकडून लिहून घेतात. मला ते खटकतं, म्हणून आज हा विषय.

आपण 'शेळीला चारा दे' म्हटलं काय नि 'चारा दे शेळीला' म्हटलं काय, अर्थ तोच. 'ला' शेळीला चिकटलेला असतो, मग ती वाक्यात कुठेही जावो. इंग्रजीत असा 'ला' नाही, तिथे जागेवरून अर्थ ठरतो. क्रियापदानंतर आधी घेणारा, मग वस्तू: 'गिव्ह द गोट द फॉडर.' उलट केलंत तर चाऱ्याला शेळी खायला घातली की हो! वस्तू आधी सांगायची असेल तर घेणाऱ्याच्या आधी 'टू' हवा: 'गिव्ह द फॉडर टू द गोट.'

वस्तूचं नाव न घेता नुसतं 'इट' म्हणायचं असेल तर 'टू'चीच वाट धरा: 'गिव्ह इट टू मी.' आणि 'एक्स्प्लेन', म्हणजे समजावून सांगणे, याला तर पहिली रीत चालतच नाही. बँकेत आपण सर्रास 'एक्स्प्लेन मी' म्हणतो, बी.ए. होईपर्यंत मीही म्हणायचे. म्हणावं, 'प्लीज एक्स्प्लेन द फॉर्म टू मी.'

ताईंच्या मेसेजात एवढा एक 'टू'च राहिला होता: 'प्लीज सेंड द मनी टू द ग्रुप.' परवा त्यांनी तो स्वतःच्या हाताने लिहून पाठवला.