औषध नंतर, वाण आधी

शहापूर तालुक्यातल्या आटगावच्या फलाटावरून समुद्र दिसत नाही, पण इथल्या मुलखाचा समुद्राशी पाण्याचा संबंध जुना आहे. माळशेजच्या अंगाने उतरणारी काळू मुरबाड तालुक्यातून वाहत उल्हास नदीला मिळते आणि उल्हास खाडीला. पावसाळ्यात पाण्याबरोबर फांद्या, ओंडके, पालापाचोळाही खाली जातो. ते लाकूड खाडीच्या चिखलात रुतून त्यात खारे पाणी मुरले, की रानातली बुरशी मागे पडते आणि मीठ सोसणाऱ्या बुरशींची पाळी येते. हॅलोसार्फिया या वंशाचा बीजाणू सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा. त्याच्या दोन्ही टोकांना घट्ट गुंडाळलेली टोपी असते. पाणी लागताच ती उलगडून लांब, चिकट धागा होतो आणि वाहत्या पाण्यातही बीजाणू लाकडाला धरून राहतो. पहिल्या पावसात वारुळावरची अळंबी हुडकणाऱ्यांना बुरशी परकी नाही, पण ही समुद्रातली भावंडे आपल्या बोलण्यात नाहीत. वर्तमानपत्रात त्यांचे नाव येते ते बहुधा एखाद्या गुणकारी द्रव्याच्या बातमीत. माझे म्हणणे असे, की द्रव्याची बातमी दुय्यम आहे. ज्या बुरशीतून ते निघाले तिचे जिवंत वाण कोणी, कुठे जपले, हा प्रश्न पहिला.

या क्षेत्रातले सर्वांत मोठे यश याच म्हणण्याला पुष्टी देते. १९४५ साली इटलीतल्या सार्डिनिया बेटावर, काल्यारी शहराचे सांडपाणी समुद्राला मिळते त्या जागी, ज्युझेप्पे ब्रोत्झू यांना एक बुरशी सापडली. तिच्या अर्काने विषमज्वराच्या जंतूंची वाढ थांबत होती. ब्रोत्झूंकडे द्रव्य शुद्ध करण्याची साधने नव्हती. त्यांनी १९४८ मध्ये आपले निष्कर्ष छापले आणि वाण ऑक्सफर्डला पाठवून दिले. तिथे एडवर्ड अब्राहम आणि गाय न्यूटन यांनी त्यातून सेफॅलोस्पोरिन सी वेगळे केले. त्यावरून बेतलेले पहिले औषध, सेफॅलोथिन, १९६४ साली बाजारात आले. आज तालुक्याच्या औषधदुकानात मिळणारी सेफिक्झिमची गोळी त्याच घराण्यातली. शोध आणि औषध यांत एकोणीस वर्षे गेली. वाण वाटेत मेले असते, तर ब्रोत्झूंच्या निबंधावरून कोणालाही ते द्रव्य पुन्हा काढता आले नसते.

यावर पहिला आक्षेप असा, की एवढ्या वर्षांत समुद्री बुरशीने दुसरे काय दिले? आक्षेप रास्त आहे. हॅलिमेडा या शैवालावरच्या अ‍ॅस्परजिलस बुरशीतून मिळालेल्या द्रव्यावरून कर्करोगाच्या उपचारांसाठीचे प्लिनाब्युलिन तयार झाले. ते चाचण्यांच्या शेवटच्या टप्प्यापर्यंत पोहोचले, पण २०२१ च्या अखेरीस अमेरिकी औषध प्रशासनाने मान्यता न देता आणखी एक चाचणी मागितली. पेस्टालोनची कथा अधिक बोलकी आहे. बुरशी आणि जिवाणू एकाच भांड्यात वाढवल्यावर हे द्रव्य निघाले. औषधांना न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकोकस जंतूंवर ते अत्यल्प मात्रेत चालते, असे २००१ साली जाहीर झाले आणि दहा वर्षे त्याचा बोलबाला राहिला. पुढे रसायनशास्त्रज्ञांनी ते प्रयोगशाळेत घडवून २०१३ मध्ये नव्याने तपासले, तेव्हा त्याची ताकद पहिल्या दाव्याच्या साधारण शंभरावा हिस्सा किंवा त्याहूनही कमी भरली. काचेच्या नळीत पेशी मारणारे द्रव्य आणि माणसाला बरे करणारे औषध यांत किती अंतर असते, हे यावरून कळते. पण यातून शोध थांबवावा असे ठरत नाही. ठरते ते इतकेच, की प्रत्येक दावा फेरतपासणीला खुला हवा, आणि फेरतपासणीला मूळ वाण हाताशी हवे.

दुसरा आक्षेप जाणकारांचा: अ‍ॅस्परजिलस, पेनिसिलियम या तर जमिनीवरच्याच बुरशी, समुद्रात वाहून आल्या म्हणून त्यांना समुद्री का म्हणावे? २०१९ च्या गणतीत समुद्री बुरशींच्या १,२५७ जाती नोंदल्या आहेत, आणि कोणती जात खरी समुद्री यावर वाद आहेच. परंतु जात एक असली तरी वागणूक एक नसते. द्रव्ये घडवण्याच्या अनेक सूचना बुरशीच्या जनुकांत निजलेल्या असतात. मीठ, दाब, शेजारचा जिवाणू यांतल्या कशाने तरी त्या जाग्या होतात. पेस्टालोन शेजाऱ्यामुळेच निघाले होते. म्हणून नुसते जातीचे नाव पुरत नाही. कोणत्या खाडीतले, कोणत्या लाकडावरचे, कोणत्या महिन्यातले वाण, हे लागते.

आपल्याकडे हे काम शून्यातून सुरू करायचे नाही. गोव्यात दोना पावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत चंद्रलता रघुकुमार आणि शेषगिरी रघुकुमार यांनी खारफुटीपासून खोल समुद्राच्या गाळापर्यंतच्या बुरशींचा अभ्यास उभा केला. तिथल्याच प्रयोगांत सागरी गवतावरच्या फ्लॅवोडॉन फ्लॅवस या बुरशीने मळीच्या आसवनीतून निघणाऱ्या काळपट स्पेंट वॉशचा रंग उतरवून दाखवला. साखर कारखान्यांच्या महाराष्ट्राला याचे मोल कर्करोगाच्या बातमीहून कमी नाही. बी. डी. बोरसे, डी. जे. भट आणि सहकाऱ्यांचा भारतातील समुद्री बुरशींवरचा ग्रंथ २०१२ साली पणजीहून निघाला. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत बुरशींचा राष्ट्रीय संग्रहही आहे.

मग वाण कोणाचे, हा शेवटचा प्रश्न. २००२ च्या जैवविविधता कायद्याने गावोगावी व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही सांगितली आहे, पण ही बुरशी डोळ्यांना दिसत नाही म्हणून नोंदवहीतून निसटते. शहापूरला लागून असलेल्या अकोले तालुक्यात राहीबाई पोपेरे यांनी गावठी बियाणे जपले. त्याचा उपयोग काय, असे आता कोणी विचारत नाही. खाडीकाठच्या गावांनी आपल्या नोंदवहीत कुजत्या लाकडालाही एक ओळ द्यावी. संशोधकांनी निबंध छापण्याआधी वाण संग्रहात जमा करावे, आणि त्याचा क्रमांक निबंधाच्या पहिल्याच पानावर द्यावा.