आपली इरिया साथीला किती तयार आहे?

साथ आली की आपण टी.व्ही.समोर बसतो आणि येरुशलायिमहून मंत्री काय सांगतात ते ऐकतो. पण दारात औषध, पाणी आणि जेवणाचा डबा पोहोचवणारी यंत्रणा गावचीच असते. रोग कोणता हे मिस्राद हाब्रिउत ठरवते, लस कुपात होलीम टोचते. मात्र तिसऱ्या मजल्यावर एकटी राहणारी बाई कोण, हे इरियाच्या रेवाखा खात्यालाच ठाऊक असायला हवे. आणीबाणीच्या मेलाख समितीचे अध्यक्षही महापौरच असतात.

तयारी म्हणजे काय, याचे चांगले उदाहरण २०१३ सालचे आहे. १९८८ मध्ये हदेरा भागात पोलिओची साथ आली होती. त्यानंतर या देशात सांडपाण्याचे नमुने नियमित तपासू लागले. २०१३ च्या मे महिन्यात राहात आणि बेर-शेवाच्या सांडपाण्यात पोलिओचा विषाणू सापडला, तेव्हा एकही मूल आजारी नव्हते! ऑगस्टमध्ये दक्षिणेत आणि मग देशभर तोंडावाटे थेंब देणे सुरू झाले. आमच्या निरोगी, आधीच लस टोचलेल्या मुलांना हे कशाला, असे पुष्कळ आईबाप विचारत होते. मुलाच्या पोटातून विषाणू दुसऱ्याकडे जाऊ नये, हे त्याचे उत्तर होते. नऊ लाखांहून अधिक मुलांनी थेंब घेतले आणि कोणालाही अर्धांग झाले नाही. गटाराच्या पाण्याकडे लक्ष ठेवणाऱ्यांचे आभार कोण मानतो? पण खरी तयारी अशीच, न दिसणारी असते.

कोरोनात दुसरी बाजू दिसली. एप्रिल २०२० मध्ये बने-ब्राकला बंदी घातली, तेव्हा घरोघर अन्न वाटायला सैनिक आणावे लागले. रस्ता बंद करायला एक हुकूम पुरतो. घरात अन्न पोहोचवायला पत्ते, फोन नंबर आणि माणसाची भाषा माहीत असावी लागते. डिसेंबरात साठीच्या पुढच्यांना लस सुरू झाली, तेव्हा ज्यांना मोबाईल जमत नव्हता ते नातवंडांवर अवलंबून राहिले. ज्यांची नातवंडे जवळ नव्हती, त्यांचे काय?

आपल्या वाडवडिलांनी १८९६ चा मुंबईचा प्लेग पाहिला. सरकारी माणसे रोगी शोधायला घरात शिरत, म्हणून लोक रोगी लपवत किंवा शहर सोडून पळत. त्याच वेळी हाफकिन या यहुदी शास्त्रज्ञाने ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस तयार केली आणि जानेवारी १८९७ मध्ये प्रथम स्वतःला टोचून घेतली. जबरदस्तीने जे साधले नाही, ते असल्या विश्वासाने थोडेफार साधले.

तेव्हा दिमोना असो, अश्दोद, लोद की रामला, १०६ ला फोन लावा, किंवा मुलाला लावायला सांगा. एकटे राहणाऱ्यांच्या यादीत माझे नाव आहे का, ती यादी शेवटची कधी तपासली, असे विचारा. साथीत फोन माणूस करणार की यंत्र, हेही विचारा. हिब्रू भरभर बोलणारे यंत्र आपल्या कित्येकांना समजत नाही. मराठी बोलणारा मितनादेव नसेल, तर समाजाने आपल्यातली चार नावे रेवाखाकडे द्यावीत. घरात ऑक्सिजनचे यंत्र असेल तर वीज गेल्यावर काय करायचे, हे कुपात होलीम आणि हेव्रात हाखश्माल या दोघांकडून आजच समजून घ्या. ही एक गोष्ट उद्यावर टाकू नका.

इरियाच्या कपाटात योजनेची जाड फाईल असतेच. तिच्यावरून काही कळत नाही. तालीम केव्हा झाली आणि तिच्यात काय चुकले, हे विचारावे. प्रत्येक इरियाला स्वतःचा मेवाकेर असतो, त्याचा अहवाल मागता येतो. १९९८ च्या माहितीच्या कायद्याने हा हक्क सर्वांना आहे. अर्ज हिब्रूत लिहावा लागेल. नातवंडांना तेवढे काम सांगायला हरकत नाही.