संपादक नावाचे अवजार : मावळच्या ओव्या आणि संगणकाची अक्षरे

'संपादक' म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे एखादे प्राध्यापक येतात. लेखांची चळत पुढ्यात, हातात लाल पेन, आणि कुठे ऱ्हस्व, कुठे दीर्घ याची चिंता कपाळावर. संगणकाच्या जगात याच नावाचे एक अवजार आहे. इंग्रजीत त्याला टेक्स्ट एडिटर म्हणतात. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांचे ते रोजचे साधन. कलाशाखेच्या विद्यार्थिनीने त्याच्या वाटेला का जावे, असा प्रश्न वाचकांना पडेल. माझे उत्तर एवढेच की, आपल्या विभागाने जमवलेल्या ओव्या मला वाचायच्या होत्या आणि दुसऱ्या कुठल्याही वाटेने त्या वाचता येत नव्हत्या.

प्रथम अवजाराची ओळख. आपण निबंध लिहितो तो वर्ड प्रोसेसरमध्ये. तो मजकुराबरोबर अक्षराचा आकार, ठळकपणा, समास असे पुष्कळ काही फायलीत साठवतो. टेक्स्ट एडिटर फक्त मजकूर साठवतो. अक्षरामागून अक्षर, बाकी काही नाही. मी वापरते त्याचे नाव ईमॅक्स. १९७६ साली अमेरिकेतील एमआयटीत रिचर्ड स्टॉलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या हातून त्याचा पहिला अवतार झाला. १९८५ पासून जीएनयू ईमॅक्स या नावाने तो सर्वांना खुला आहे. पैसे पडत नाहीत. आणि त्याची प्रत्येक कळ, प्रत्येक सवय आपल्याला बदलता येते. बदल लिहून ठेवण्याची एक स्वतंत्र फाईल असते, तिला मी 'मांडणीची फाईल' म्हणेन. शिवणयंत्र घरी आणले की पहिल्या दिवशीच घरची बाई टाक्याची लांबी आणि दोऱ्याचा ताण आपल्या हाताप्रमाणे लावून घेते, तसेच हे.

ओव्यांची फाईल

मी घोरावाडीची. पुण्याहून लोणावळ्याच्या लोकलने निघाले की तळेगावच्या अलीकडचे लहानसे स्टेशन ते आमचे. आमच्या आणि आसपासच्या वाड्यांतून पूर्वीच्या विद्यार्थ्यांनी जात्यावरच्या चारेकशे ओव्या उतरवून आणल्या होत्या. वह्या पुढे वाळवीने खाल्ल्या. उरली ती एक सीडी; डीटीपी करून देणाऱ्या एका दुकानात टाइप करून घेतलेली. ती उघडली तर पडद्यावर रोमन अक्षरांचा आणि विरामचिन्हांचा नुसता पाचोळा. दुकान बंद झालेले, फाँट कोणता होता ते कोणाला आठवेना. ज्यांनी त्या ओव्या सांगितल्या त्या बायकांपैकी बहुतेक आज हयात नाहीत. म्हणजे ही फाईल वाचता आली नाही, तर त्या ओव्या गेल्याच.

असे काम याआधी फार मोठ्या प्रमाणावर झालेले आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी पुण्याजवळच्या डोंगरी मुलखातून आरंभ करून महाराष्ट्रभरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. बर्नार बेल यांनी त्या संगणकावर आणल्या, आणि २०१७ पासून 'परी' या संकेतस्थळावर त्या टप्प्याटप्प्याने प्रसिद्ध होऊ लागल्या. लोकसाहित्याचा अभ्यास आता वहीइतकाच फायलीवर उभा आहे, हे त्यावरून ध्यानात येते.

रूप वेगळे, संकेत वेगळा

संगणकाला अक्षर कळत नाही, अंक कळतो. अमुक अंक म्हणजे अमुक अक्षर, हा ठरलेला संकेत. देवनागरीसाठी असा संकेत आपल्याकडे लवकर झाला. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेले जिस्ट तंत्र पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये (स्थापना १९८८) वाढले. मोहन तांबे यांचे नाव त्या कामाशी जोडलेले आहे. भारतीय लिप्यांचा इस्की हा संकेत १९८८ मध्ये तयार झाला आणि १९९१ मध्ये भारतीय मानक ठरला. युनिकोड या जागतिक संकेतातील देवनागरीची १२८ घरे इस्कीच्याच क्रमावर बेतलेली आहेत.

परंतु छपाईच्या धंद्याला घाई होती. तिथे सोपी युक्ती रूढ झाली. संकेत रोमनचाच ठेवायचा आणि फाँटमध्ये रोमन अक्षराच्या जागी देवनागरीचा तुकडा काढून ठेवायचा. पडद्यावर 'क' दिसतो, फाईलमध्ये असते एखादे रोमन अक्षर. फाँट आहे तोवर सगळे सुरळीत. तो गेला की पाचोळा. शिवाय प्रत्येक कंपनीची जुळणी निराळी.

आमच्या घोराडेश्वरच्या डोंगरात शेलारवाडीची लेणी आहेत. तिथे ब्राह्मी लिपीतले लेख कोरलेले आहेत. जेम्स प्रिन्सेपने १८३७ मध्ये ब्राह्मीची उकल केली. तोवर कित्येक शतके अक्षरे शाबूत होती, संकेत मात्र हरवला होता. आमच्या सीडीची गत तीच. एकही अक्षर पुसलेले नव्हते. किल्ली तेवढी नव्हती.

किल्ली कशी सापडली

किल्ली मिळाली आपल्याच वार्षिकात. ग्रंथालयातील एका जुन्या अंकात त्यातल्या काही ओव्या छापलेल्या होत्या. छापील पान एका बाजूला आणि पडद्यावरचा पाचोळा दुसऱ्या बाजूला ठेवून मी तक्ता केला : या चिन्हाला 'व', त्या चिन्हाला काना. मग ईमॅक्सला सांगितले की तक्त्याप्रमाणे सर्व फाईलभर बदल कर.

इथे तीन अडचणी आल्या. त्या सांगते, कारण जुन्या फाँटमधला मजकूर सोडवणाऱ्या प्रत्येकाला त्या येतात.

पहिली, बदलाचा क्रम. काही चिन्हे दोन-दोन मिळून एक अक्षर होते. अर्धा 'ग' आणि काना मिळून पूर्ण 'ग'. अर्ध्याचा बदल आधी केला तर पूर्ण अक्षर कायमचे फुटते. म्हणून लांब जोड्या आधी, एकेकटी चिन्हे नंतर.

दुसरी, ऱ्हस्व वेलांटी. आपण 'शिवार' लिहितो तेव्हा वेलांटी 'श'च्या डावीकडे दिसते. जुन्या फाँटमध्ये ती टाइपही आधीच होई. युनिकोडमध्ये उच्चाराप्रमाणे 'श' आधी आणि वेलांटी मागून साठवतात. 'स्थिती'सारख्या शब्दात तिला अर्धा 'स' आणि 'थ' असे दोन्ही ओलांडून पलीकडे न्यावे लागते. 'वेलांटी, मग हवी तितकी अर्धी अक्षरे, मग एक पूर्ण अक्षर' असा नमुना ईमॅक्सला देता येतो, आणि तो सापडेल तिथे वेलांटी शेवटी ने असे सांगता येते.

तिसरी अडचण रफाराची, आणि ती नेमकी उलटी. 'धर्म' या शब्दात रफार 'म'च्या डोक्यावर दिसतो, म्हणून जुन्या फाँटमध्ये तो 'म'नंतर येतो. उच्चारात 'र्' आधी आहे. त्याला 'म'च्या अलीकडे आणावे लागते.

एवढे करूनही काही शब्द संशयित राहिले. ते तांबडे दिसावेत अशी सोय केली, आणि आळीतल्या म्हाताऱ्या बायकांना वाचून दाखवले. चाल मोडली की त्या हात वर करीत. यंत्राला न दिसलेल्या कितीतरी चुका त्यांच्या कानांनी पकडल्या.

माझी मांडणी

मांडणीच्या फाईलमध्ये मी काय लिहिले ते थोडक्यात सांगते.

देवनागरी आणि रोमन यांची अदलाबदल करण्यासाठी ईमॅक्समध्ये कंट्रोल आणि उलटी तिरकी रेघ अशी कळ आहे. देवनागरी टाइप करण्याच्या पद्धती अनेक. मी इनस्क्रिप्ट घेतली, कारण तिच्यात स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला अशी शिस्त आहे आणि ती कुठल्याही संगणकावर सापडते. देवनागरीचा फाँट मी नावानिशी ठरवून दिला. नाहीतर ईमॅक्स हाताशी येईल तो उचलतो आणि 'ल' व 'श' हिंदी वळणाचे दिसू लागतात. वरचा रफार आणि खालचा उकार गर्दी करू नयेत म्हणून ओळींतील अंतर वाढवले. एक कळ दाबली की नव्या ओवीसाठी गाव, सांगणारीचे वय, विषय आणि तारीख अशा रिकाम्या जागा उमटतात.

शुद्धलेखन तपासणाऱ्या कोशाला एक वेगळी यादी जोडली. तो 'इठ्ठल' या शब्दाखाली रेघ ओढायचा. शुद्धलेखनाच्या दृष्टीने त्याचे बरोबर होते. पण ओवीत 'इठ्ठल' हाच पाठ आहे. तो 'विठ्ठल' केला तर आपण ओवी जपली नाही, बदलली. कोणता शब्द दुरुस्त करू नये हे अवजाराला सांगणे, हे मी संपादनाचेच काम मानते.

दुखणी आणि त्यांची लक्षणे

मराठी फाईल बिघडली की आपण म्हणतो, 'अक्षरे गेली.' पण लक्षणे चार आणि रोगही चार.

पडद्यावर चौकोन दिसले, तर मजकूर ठणठणीत आहे, फाँट तेवढा नाही. फाँट बसवा, काम झाले.

रोमन 'ए' अक्षर डोक्यावर तिरकी रेघ घेऊन पुन्हापुन्हा आले, मधूनच जपानी येनचे चिन्ह दिसले, तर समजावे की युनिकोड मजकूर दुसऱ्याच संकेताने वाचला जातो आहे. युनिकोडच्या यूटीएफ-८ या साठवणीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे असते. 'मराठी' या शब्दात म, र, काना, ठ, वेलांटी अशी पाच चिन्हे, म्हणजे पंधरा बाइट. ते एकेक करून वाचले की पंधरा परकी अक्षरे दिसतात. अशा वेळी फाईल साठवू नका. योग्य संकेत सांगून पुन्हा उघडा. 'या संकेताने वाच' आणि 'या संकेताने साठव' या दोन आज्ञा अगदी वेगळ्या आहेत. पहिली निरुपद्रवी, दुसरी फाईल बदलणारी.

नुसती प्रश्नचिन्हे असतील तर दुखणे गंभीर. देवनागरीला जागाच नसलेल्या संकेतात कोणीतरी फाईल साठवली आणि प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह बसले. ही अक्षरे परत येत नाहीत. जुनी प्रत शोधावी. ईमॅक्स अशा वेळी साठवण्याआधी थांबून विचारतो. तो प्रश्न वाचल्याशिवाय एंटर दाबू नये.

टिंबांचे वर्तुळ आणि त्याला लटकलेली मात्रा दिसली, तर ती मात्रा पोरकी आहे. तिच्या आधीचे व्यंजन टाइप झालेले नाही किंवा क्रम उलटला आहे.

दोन दऱ्या

याहून फसवे दुखणे असे, की पडद्यावर सगळे बरोबर दिसते आणि शोधलेला शब्द मात्र सापडत नाही. मावळच्या ओव्यांत डोंगर, दऱ्या असणारच. 'दऱ्या' शोधले तर निम्म्याच मिळाल्या. कारण हा ऱ्य दोन तऱ्हांनी साठवता येतो : एकतर मराठीचा खास 'ऱ' आणि हलन्त घेऊन, नाहीतर साधा 'र', हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह घेऊन. डोळ्याला दोन्ही सारखे. आणि ते अदृश्य चिन्ह गळाले, की 'दऱ्या'चा 'दर्या' होतो. डोंगरातला माणूस एकदम समुद्रावर! 'ॲ'चेही तसेच. त्याला युनिकोडमध्ये २००८ साली स्वतंत्र घर मिळाले. त्याआधीच्या मजकुरात तो 'अ' आणि वरचा चंद्र असा दोन चिन्हांचा आहे.

यावर ईमॅक्समधली एक सोय मला फार मोलाची वाटते. अक्षरावर जाऊन कंट्रोल-यू, कंट्रोल-एक्स आणि बरोबरचे चिन्ह दाबले, की त्या अक्षराच्या पोटात कोणती चिन्हे आहेत ते नावांसह दिसते. एकदा निदान झाले की सगळीकडे एकच रूप करून टाकता येते.

अनुक्रम लावतानाही जपावे. आपल्या वर्णमालेत 'ळ' येतो 'ह'नंतर. युनिकोडच्या घरांत तो 'ल'शेजारी बसलेला आहे. म्हणून कावड, काशी, काहूर, काळा असा क्रम हवा असताना संगणक 'काळा' आरंभीच आणून ठेवतो. शब्दसूची करणाऱ्याने हे ठाऊक ठेवलेच पाहिजे.

दोष आपल्या मांडणीत असेल तर

मांडणी वाढत जाते तशी तीही दुखणी आणते. एके दिवशी कळ चालेनाशी होते, किंवा फाँट बदलतो. अशा वेळी ईमॅक्स कोऱ्या अवस्थेत सुरू करावा. त्याच्या नावापुढे आडवी रेघ आणि कॅपिटल क्यू लिहिले की तो आपली मांडणी वाचत नाही. दोष तरीही राहिला तर तो बाहेरचा. गेला तर आपल्या फाईलमधला. मग निम्म्या ओळी तात्पुरत्या झाकाव्यात. दोष गेला तर तो झाकलेल्या भागात, राहिला तर उघड्या भागात. त्या भागाचे पुन्हा दोन भाग करावेत. हजार ओळींची फाईल असली, तरी दहा खेपांत दोषी ओळ हाती लागते. एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलाची नोंद. पाठचिकित्सेच्या तासाला आपल्याला हीच शिस्त शिकवतात.

ओव्यांची फाईल आता विभागात आहे. साधा मजकूर, युनिकोडमध्ये, कोणत्याही संगणकावर उघडणारा. तिच्या तीन प्रती तीन ठिकाणी ठेवल्या आहेत. जुना पाचोळाही तसाच जपला आहे, कारण माझा तक्ता तपासून पाहण्याचा हक्क पुढच्या विद्यार्थ्यांना असला पाहिजे. मित्रमैत्रिणींना एवढीच विनंती की, यापुढे वार्षिकासाठी, प्रकल्पासाठी, गावच्या भजनी मंडळासाठी जे काही टाइप कराल, त्याची एक प्रत साध्या मजकुराच्या रूपात युनिकोडमध्ये ठेवा, आणि दुकानात काम दिलेत तरी तशी प्रत मागून घ्या. आपल्या आज्यांनी या ओव्या तोंडपाठ ठेवल्या. आपल्या वाट्याला त्यांचा संकेत जपणे आले आहे, आणि ते काम दुसऱ्या कोणावर सोपवण्याजोगे नाही.