गोदेच्या पाण्याचा उंच आजोळगाव

विष्णुपुरीच्या बंधाऱ्यावर उभे राहिले की चहूकडे सपाटीच सपाटी. इथे चढून चढून माणूस चढणार कशावर? पण समोरच्या पाण्याचे आजोळ मात्र फार उंच आहे. रतनगड-हरिश्चंद्रगडाच्या परिसरात उगम पावणाऱ्या प्रवरा आणि मुळा पुढे गोदावरीला मिळतात आणि जायकवाडी ओलांडून आपल्या दारी येतात.

अरुण सावंत यांनी त्याच डोंगरांत उभे आयुष्य घालवले. कुणी सुळके चढण्यात नाव काढतो, कुणी घाटवाटा धुंडाळण्यात. सावंतांना सगळ्याचीच ओढ होती. कोकणकड्यावरून दोराने उतरणे, खंडाळ्याच्या नागफणीवरून दरी ओलांडणे, धबधब्याच्या माऱ्यात खाली येणे, साम्रदजवळच्या सांदण घळीची अरुंद वाट, या साऱ्यांशी त्यांचे नाव जोडलेले आहे. हौशी माणसांनाही त्यांनी या वाटांवर नेले.

सह्याद्रीचा कातळ दिसतो अभेद्य, पण तो लाव्ह्याच्या थरांवर थर साचून झालेला. ऊनपावसाने थरांच्या कडा ठिसूळ होतात. म्हणून हात घालण्याआधी प्रत्येक खाच चाचपून पाहावी लागते. आम्ही बँकेत कर्ज देताना दोन जामीनदार मागत असू. कड्यावरचा रिवाजही तोच. सगळा भार एका खिळ्यावर टाकायचा नाही. एक निसटला तर दुसऱ्याने झेलले पाहिजे.

आणि तरीही १८ जानेवारी २०२० रोजी हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर, रॅपलिंगच्या मोहिमेत झालेल्या अपघातात सावंत गेले. वय ६०. आपल्याकडे या वयात माणूस निवृत्तीचा सत्कार घेऊन घरी बसतो. ते कड्यावर होते, आणि सोबत इतर मंडळीही होती.

आज विष्णुपुरीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातली मुले सुट्टी लागली की सह्याद्रीकडे निघतात. आईच्या पोटात गोळा येतो. अनेक दशकांचा अनुभवी माणूस जिथे गेला, तिथे आपले पोर पाठवायचे?

पाठवावे, असे मला वाटते. पण निघण्याआधी चार प्रश्न जरूर विचारावेत. म्होरक्या कोण? डोक्याला शिरस्त्राण आहे का? दोराला दुसरा आधार आहे का? अंधार पडण्याआधी परतीचा बेत आहे का? कडा कुणाचाही अनुभव जमेस धरत नाही; प्रत्येक उतरणीला तो नवे खाते उघडतो. सावंतांची आठवण ठेवायची ती एवढ्यासाठी. धाडस त्यांच्याकडून घ्यावे, आणि दोराची गाठ दोनदा तपासावी.