नकाशातली वाट

माळव्याची काळी माती ज्यांनी पावसाळ्यात तुडविली आहे, त्यांना वाटेचे मोल निराळे सांगावयास नको. वैशाखात ज्या शेतातून बैलगाडी धूळ उडवीत सरळ निघून जाते, त्याच शेतात श्रावणात माणसाचा पाय पोटरीपर्यंत रुततो. म्हणूनच जुन्या लोकांनी गावोगावच्या वाटा मुरमाड उंचवटे आणि नाल्यांचे उतार पाहून आखल्या व दोन्ही अंगांस थोराचे कुंपण घालून त्या राखल्या. बैलगाडी, गुरे, वरात आणि तिरडी या सर्वांची वाट एकच असे. आज इंदूर, देवास, उज्जैन या बाजूंस हिंडताना असे दिसते की, यांतील कित्येक वाटा पटवाऱ्याच्या नकाशावर आहेत, परंतु जमिनीवर नाहीत.

हे एका दिवसात घडले नाही. पूर्वी येथील काळी जमीन खरिपात बहुधा पडीत असे. पावसाची ओल धरून ठेवावयाची आणि रब्बीत गहू-हरभरा घ्यावयाचा, अशी रीत होती. चार महिने शेत मोकळेच असल्यामुळे बांधावरून कोण गेले, याची कोणी फारशी चौकशी करीत नसे. १९७० नंतर सोयाबीन आले, पाहता पाहता सारा माळवा त्याने व्यापला आणि पावसाळ्यातही इंचन्‌इंच जमिनीला मोल चढले. पाठोपाठ ट्रॅक्टर आला. बैलाचा नांगर थोराच्या कुंपणापाशी आपोआप वळत असे. ट्रॅक्टरला ते कुंपण उखडून टाकणे हे क्षणाचे काम. दर नांगरटीस एकेक तास वाटेत सरकू लागला. पंधरा-वीस वर्षांत गाडीवाटेची पाऊलवाट झाली, आणि एके दिवशी त्या पाऊलवाटेवरही काटे पडले.

आमच्या शाळेत नाल्यापलीकडील वस्तीतून मुले येतात. त्यांची जुनी वाट गावच्या चरनोईतून, म्हणजे गुरांच्या सरकारी कुरणातून, येत असे. लगतच्या शेतमालकाने चरनोईचा तो तुकडा आपल्या वावरात घेतला, आडवा चर खणला आणि तारेचे कुंपण ओढले. सडकेने यावयाचे तर वळसा चौपट. परिणाम हजेरीपटावर उमटला. आषाढापासून भाद्रपदापर्यंत त्या वस्तीतील मुलांच्या नावांपुढे गैरहजेरीच्या रांगा लागल्या, आणि आठवीतल्या मुली सर्वांच्या आधी गळाल्या. मुलगा चिखल तुडवीत उशिरा पोचला तर चालते. मुलगी एकटी सडकेने वळसा घालून येणे आईबापांना मानवत नाही. एका बाळंतिणीस खाटेवर घालून सडकेपर्यंत न्यावे लागले, तेव्हा कोठे वस्तीतील मंडळी तहसिलीत जावयास तयार झाली.

त्यांचा पहिला अर्ज मी पाहिला आहे. 'अमुक यांनी मेहेरबानी करून आम्हांस त्यांच्या शेतातून जाऊ द्यावे, असा हुकूम व्हावा,' असा त्याचा आशय होता. तो फेटाळला गेला, यात नवल नाही. जी जमीन सरकारची, ती अर्जदारांनी आपल्याच हाताने अतिक्रमण करणाराच्या नावे लिहून दिली होती! खेड्यातील माणसाला हक्क मागतानाही हात जोडण्याची इतकी सवय झालेली असते की, आपण याचक नव्हे हे त्याच्या ध्यानातच येत नाही.

येथे कायदा थोडा समजून घेणे अगत्याचे आहे. मध्यप्रदेश भू-राजस्व संहिता ही १९५९ सालची. ती त्याच वर्षी २ ऑक्टोबरला अमलात आली. वाटेच्या तंट्यासंबंधी तिच्यात दोन कलमे आहेत आणि लोक ती नेहमी एकमेकांत मिसळतात. कलम १३१ हे मान्य रस्ते सोडून इतर वहिवाटीच्या वाटांसाठी आहे. शेतकऱ्याने आपल्या शेतात वा गावच्या कुरणात कोणत्या वाटेने जावे याविषयी वाद झाल्यास, तहसीलदाराने जागेवर चौकशी करून, पूर्वीची रूढी व सर्वांची सोय पाहून निर्णय द्यावयाचा. तो न पटल्यास दिवाणी दावा लावण्यास मोकळीक आहे. कलम १३३ निराळे. गावचा मान्य रस्ता, वाट किंवा सामाईक जमीन यांवर कोणी अडथळा केला असेल, तर तो काढण्याचा हुकूम तहसीलदार देऊ शकतो आणि न ऐकल्यास स्वतः काढून खर्च वसूल करू शकतो. येथे कोणाच्या सोयीचा प्रश्नच उद्भवत नाही. याखेरीज सरकारी जमीन बळकावणाऱ्यास हटविण्यासाठी कलम २४८ आहेच. म्हणून पहिला प्रश्न असा की, आपली वाट नकाशात व खसऱ्यात सरकारी रस्ता म्हणून नोंदलेली आहे काय? तशी नोंद नसेल तर कलम २४२ खालील 'वाजिब-उल-अर्ज' पाहावे. गावच्या रूढी, वाटेचे व पाण्याचे हक्क त्यात लिहिलेले असतात. नाव फारसी थाटाचे असल्यामुळे आपली मंडळी त्या कागदाकडे फिरकत नाहीत, पण पुष्कळ वाटा त्याच कागदात जिवंत आहेत.

फौजदारी मार्गही आहे. सार्वजनिक वाटेवरील बेकायदा अडथळा दूर करण्याचा सशर्त हुकूम कार्यकारी दंडाधिकारी देऊ शकतात. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे कलमही योगायोगाने १३३ च होते. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते १५२ झाले आहे. अर्जात नुसते 'कलम १३३' लिहिणाऱ्यांनी कोणत्या कायद्याचे, हे अवश्य लिहावे.

महाराष्ट्रातील नातलगांचा सल्ला मात्र जपून घ्यावा. तिकडे १९०६ चा मामलेदार न्यायालय कायदा आहे. त्याखाली अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा लावावा लागतो. गुजरातेतही तोच कायदा चालतो आणि गोव्याचा स्वतःचा तसा कायदा १९६६ चा आहे. बडोद्याच्या किंवा म्हापशाच्या वाचकांस तो उपयोगी पडेल. इंदूरच्या तहसिलीत त्याचा आधार घेऊन काही साधणार नाही.

वस्तीचा दुसरा अर्ज पंचायतीच्या ठरावासह गेला. त्यात नकाशाची नक्कल होती, खसऱ्याची नक्कल होती आणि 'मेहेरबानी' हा शब्द नव्हता. कलम १२९ खाली सीमांकन मागितले. हे काम पीक उभे असताना होत नाही. गहू निघाल्यावर, पेरणीच्या आत, चैत्र-वैशाखातच ते साधावे लागते. मोजणीच्या दिवशी सारे गाव जमले होते. एका वृद्धाने मला बाजूस नेऊन म्हटले, "माट्साब, ती चिंच बघा. तिच्या सावलीत गाड्या थांबायच्या. वाट हलली, चिंच हलली नाही." मोजणीची रेषा त्या चिंचेपासून दहा-बारा हातांच्या आतच गेली.

आणि मोजणीने आणखी एक गोष्ट उजेडात आणली, जी कोणालाच फारशी रुचली नाही. चरनोईचा तुकडा केवळ त्या एकट्याने घेतला नव्हता. दुसऱ्या अंगाने अर्जदारांपैकीच दोघांनी आपले बांध रस्त्यात सरकविले होते. तंटा येथेच मिटावा म्हणून शेतमालकाने एक तोड सुचविली: मी माझ्या शेताच्या कडेने निराळी वाट देतो, ही राहू द्या. बरेच जण राजी झाले होते. मला ती तोड मान्य नव्हती. सरकारी वाट कोणाच्या मर्जीची नसते. दिलेली वाट देणाऱ्याच्या मर्जीवर चालते आणि पुढच्या पिढीत पुन्हा काटे पडतात. शिवाय चरनोईचा तुकडा कायमचा त्याच्या घशात जातो तो वेगळाच. २८ जानेवारी २०११ रोजी जगपाल सिंह विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गावच्या सामाईक जमिनींविषयी स्पष्टच सांगितले आहे की, कब्जा फार वर्षांचा आहे, बांधकामावर खर्च झाला आहे किंवा वरपर्यंत वशिला आहे, यांपैकी कोणतीही सबब ती जमीन देऊन टाकण्यास पुरेशी नाही. हा दाखला पंचायतीत वाचून दाखविला, तेव्हा अर्जदारांपैकी त्या दोघांनी आधी आपले बांध मागे घेतले. मग तार काढणे सोपे झाले.

चर बुजविला, मुरूम पडला. चरनोईच्या कडेने मुलांनी कडुनिंब आणि करंज लावले आहेत. त्यांतले किती जगतात ते पाहावयाचे. नाल्यावर रपटा अद्याप नाही. प्रस्ताव जनपदेत पडून आहे. ज्या दिवशी नाल्याला पूर असतो त्या दिवशी वस्तीतील मुले घरी राहतात. इतर दिवशी सातच्या सुमारास त्यांची रांग चिंचेजवळून येताना दिसते, आणि यंदा आठवीच्या वर्गातील तिन्ही मुली तीत आहेत.